तापायला वेळ लागतो

“ज्योत कोणत्या रंगाची आहे?” पप्पांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडले होते. गाल जमिनीला टेकायच्या बेतात, मोबाइल कान आणि खांदा यांच्यात दाबलेला, समोर ओव्हनचं उघडं दार. तळाच्या पत्र्याच्या भोकांतून बर्नर दिसत होता.

“निळी,” मी म्हटलं. “टोकाला थोडी पिवळी.”

“थोडी म्हणजे किती?”

“थोडी म्हणजे थोडी, पप्पा.”

“नखाएवढी की बोटाएवढी?”

“नखाएवढी.”

“हं. आणि लावल्यापासून तेवढीच राहते?”

“नाही. आधी चांगली मोठी असते. मग जरा वेळाने आपोआप बारीक होते. अगदी मण्यांची माळ ठेवल्यासारखी. केक वरून सुकतो आणि आत पीठच राहतं.”

पलीकडे पप्पा गप्प झाले. फोन कट झाला की काय, म्हणून मी “हॅलो, हॅलो” केलं.

“आहे, आहे,” ते म्हणाले. “असं कधीपासून होतंय?”

“ओव्हन इथे आल्यापासून. पहिल्या दिवसापासून.”

मग ते म्हणाले, “बरं. आधी सिलिंडर बघ. रेग्युलेटर नीट बसलाय का, रबरी नळी कुठे दुमडलीय का. ते बघून ओव्हन पुन्हा लाव.”

मी सगळं बघितलं. नळी दुमडलेली नव्हती. ओव्हन पुन्हा लावला.

“लावला,” मी म्हटलं. “ठेवू फोन?”

“थांब. तापायला वेळ लागतो. चालू राहू दे.”

आणि फोन चालू राहिला. माझ्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी आणि पप्पा फोनवर एवढा वेळ कधीच बोललो नव्हतो.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या हिवाळ्यातली. फोनवर तेव्हा नुसता आवाज यायचा, चेहरे दिसायचे नाहीत. मी गोंदियाला सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्याच्या कामावर होते आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये एकटी राहत होते. दिवसभर माझ्या तोंडून निघणारे शब्द ठरलेले. श्वास घ्या. रोखा. सोडा. पुढचा या. संध्याकाळी घरी आल्यावर तेवढेही नाहीत. लग्न झालं नव्हतं, आणि ते व्हावं म्हणून धडपडणारी माणसंही एव्हाना दमून गप्प बसली होती.

पप्पा नगरला. दाविद पारखे, पण सगळं नगर त्यांना ‘पारखे सर’ म्हणायचं. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात त्यांची नोकरी झाली. शिकवायला लागले की तासभर बोलायचे म्हणे. घरात मात्र त्यांचा आवाज फक्त जेवणाआधीच्या प्रार्थनेला निघायचा. मी घरी फोन केला आणि चुकून त्यांनीच उचलला, तर एकच वाक्य: “थांब, आईला देतो.” एवढ्या वर्षांत ते वाक्य इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे हेही मला जाणवत नसे. माझं त्यांना कळायचं ते आईकडून आणि त्यांचं मला कळायचं तेही आईकडून.

त्या वर्षी जूनमध्ये आई गेली. झोपेतच गेली.

त्यानंतर मी रोज फोन करायचे. “जेवलात?” “हो.” “गोळी घेतली?” “घेतली.” “बरं आहे ना?” “आहे.” मग दोघंही थांबायचो. दोघांनाही कळायचं, की आता ‘आईला देतो’ म्हणायची वेळ झालीय. “ठेवतो मग,” ते म्हणायचे. मी फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचे. मला वाटतं, तेही बसत असतील.

दिवाळीनंतर त्यांनी आईचा ओव्हन माझ्याकडे पाठवून दिला. वर चार शेगड्या आणि खाली गॅसवर चालणारा ओव्हन, अशी ती एकसंध रेंज. मिशन दवाखान्यातल्या एक नर्सबाई केरळला परत गेल्या तेव्हा आईने त्यांच्याकडून घेतलेली. आमच्या गल्लीतल्या बायका नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायच्या, तेव्हा आईच्या घरात ओव्हन होता. नाताळ आला की निम्म्या गल्लीचं भाजणं आमच्या स्वयंपाकघरात व्हायचं. “मी काय करणार त्याचं,” एवढंच पप्पा म्हणाले. स्वतः उभे राहून त्यांनी तो गोणपाटात बांधला आणि ट्रान्सपोर्टच्या गाडीत चढवून दिला.

मी ठरवलं होतं, नाताळला आईच्या हातचा केक करायचा. आईच्या हातचा म्हणजे आईच्या पद्धतीचा. दवाखान्यातल्या दुसऱ्या तंत्रज्ञाची बायको बाळंत व्हायची होती आणि रजेवर तो जाणार होता, त्यामुळे सुट्टी मला मिळणार नव्हती. तर केक करून कुणाच्या तरी हाती नगरला पाठवायचा, असा माझा बेत होता. आणि ओव्हन तापेना.

म्हणून त्या रविवारी दुपारी मी पप्पांना फोन केला होता.

दुसऱ्या रविवारी त्यांनीच केला. “बर्नरची भोकं बुजली असतील. बर्नर बाहेर काढता येईल तुला?”

“येईल की.”

“दोन स्क्रू आहेत. स्क्रू वाटीत ठेव, फरशीवर ठेवू नकोस, हरवतील. एकेक भोक सुईने साफ कर. सुई फिरवायची नाही, सरळ घालायची, सरळ काढायची. भोक मोठं होता कामा नये.”

मी फोन स्पीकरवर ठेवून फरशीवर बसले आणि एकेक भोक साफ करायला लागले. फोनमधून नगरच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. अधूनमधून ते विचारायचे, “किती झालं?” मी म्हणायचे, “निम्मं.” बर्नर परत बसवला, ओव्हन लावला आणि पुन्हा थांबणं आलं.

“शुलू,” ते मध्येच म्हणाले. माझं नाव शुलमिथ. शुलू फक्त आई म्हणायची. “आपल्या दाराची बेल बिघडलीय.”

“कधी?”

“काय माहीत. मला परवा कळलं. आत्या आली होती, ती बाहेर बेल दाबत उभी आणि मी आत. मी या घरात एवढी वर्षं राहतो, पण बेल कधी वाजवलीच नाही बघ. माझी लुना वळणावर आली की आवाज ऐकून आई दार उघडायची.”

मी ओव्हनमध्ये वाकून बघितलं.

“पप्पा, ज्योत परत बारीक झाली.”

“होणारच,” ते म्हणाले आणि लगेच, “म्हणजे, होते कधीकधी. पुढच्या रविवारी बघू.”

तो ‘होणारच’ मी ऐकला होता. पण त्यावर थांबले नाही.

नाताळ आला आणि गेला. सकाळी मी चर्चला जाऊन आले. परत आल्यावर शेजारच्या क्वार्टरमधल्या लोकांना करंज्या दिल्या, उरलेल्या डब्यात भरून ठेवल्या. दुपारी पप्पांचा फोन आला. नाताळच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर आम्ही नेहमीसारखे अडखळलो. मग त्यांनी विचारलं, “कणीक आहे घरात?”

“आहे.”

“कोरडीच ताटलीत पातळ पसर आणि ओव्हनमध्ये ठेव. किती वेळात तांबूस होते बघ. त्यावरून आतली उष्णता कळते.”

नाताळच्या दुपारी मी ओव्हनमध्ये कोरडी कणीक भाजत बसले होते आणि पप्पा नगरला बसून ती तांबूस व्हायची वाट बघत होते. त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं, की लग्नानंतरचा आईचा पहिला केक करपून कोळसा झाला होता. तिने तो परसात पुरला आणि पप्पांना सांगितलं की मांजराने खाल्ला. “मी रोपं लावायला खणलं तेव्हा सापडला,” ते म्हणाले. “मी काही बोललो नाही. परत माती ओढली.”

मी हसले. तेही हसले असावेत. मला त्यांच्या हसण्याचा आवाज नीट ओळखता येत नव्हता.

कणीक पांढरीच राहिली.

जानेवारीत शेजारच्यांची शेगडी दुरुस्त करायला बिसेन नावाचे एक मेकॅनिक आले होते. शेजारीणबाईंनी त्यांना माझ्याकडेही पाठवलं. मी सगळी हकीकत सांगितली. सिलिंडर, बर्नर, हवेची झडप, सगळं बघून झालंय म्हटलं. बिसेनांनी टॉर्च लावून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“काही बिघडलं नाही जी मॅडम. हे बघा.”

ओव्हनच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, तांब्याच्या बारीक नळीचं एक वेटोळं होतं. ते मी पाहिलेलं होतं. ते तसंच असतं, अशी माझी समजूत होती.

“ही थर्मोस्टॅटची नळी. हिच्या टोकाचा हा दांडा वर पाहिजे, त्या क्लिपात. मंग त्याला आतली गरमी बरोबर समजते. इथं तं हा बर्नरच्या बाजूला बांधून ठेवला. जरा जाळ लागला की त्याला वाटते, झाला ओव्हन गरम. मंग तो गॅस कमी करून टाकते.”

“निसटली असेल प्रवासात.”

“निसटली नाही जी. बांधली आहे. गाडीत हलून तुटू नये म्हणून कोण्या जाणकारानं काढून बांधून ठेवली. पहा ना कशी तारेनं बांधली.”

मी बघितलं. बारीक तारेचे तीन वेढे, आणि तारेची दोन्ही टोकं आत वळवलेली, हाताला टोचू नयेत म्हणून. कुंपणाच्या तारेपासून आईच्या चष्म्याच्या दांडीपर्यंत आमच्या घरात जे काही बांधलेलं होतं, ते असंच बांधलेलं होतं.

बिसेनांनी तार सोडली, दांडा क्लिपात बसवला आणि ओव्हन लावून दाखवला. ज्योत मोठी राहिली. थोड्या वेळाने ओव्हनच्या दारापाशी हात धरवेना.

ते गेल्यावर मी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले. पहिला विचार मनात आला तो भीतीचा. आत्या मागे फोनवर म्हणाली होती, दाविद हल्ली विसरतो गं, दूध आणायला जातो आणि तसाच परत येतो. पप्पांनी स्वतःच्या हाताने नळी बांधली आणि विसरले? ज्योत बारीक होते म्हटल्यावर फिटरच्या पोरालाही जे आधी सुचेल, ते पारखे सरांना सुचू नये? त्यांना काही व्हायला लागलं असेल, तर तिकडे त्यांच्याजवळ कोण आहे? तो आठवडा मी कसाबसा काढला. बदलीचा अर्ज करावा, त्यांना इकडे आणावं, ते येणार नाहीत, असं सगळं डोक्यात फिरत होतं.

रविवारी फोन आला.

“काय म्हणतो ओव्हन?” त्यांनी विचारलं.

ओव्हन दुरुस्त झालाय, हे माझ्या ओठांवर होतं. पण मी म्हटलं, “तसाच आहे, पप्पा.” आणि विचारलं, “ओव्हनच्या आत एखादी नळी वगैरे असते का? तांब्याची, बारीक?”

पलीकडचं घड्याळ मला स्पष्ट ऐकू आलं.

“असते,” पप्पा म्हणाले.

“तिचं काही झालं असेल का?”

“तिचं…” त्यांनी घसा साफ केला. “ती बघू नंतर. ती काही पळून जात नाही. आधी दाराचं रबर बघून घे. दारात कागदाची पट्टी धर, दार लाव आणि ओढून बघ. सुळकन निघाली तर तिथून वाफ जाते. चारी बाजूंनी बघायचं, शुलू. सावकाश. घाई नाही.”

ते काही विसरले नव्हते.

मी कागदाची पट्टी फाडली. ओव्हनचं दार उघडलं, पट्टी धरली, दार लावलं. दाराचा आवाज त्यांना जावा म्हणून जरा जोरातच लावलं.

“निघाली?” त्यांनी विचारलं.

“नाही. घट्ट आहे.”

“आता डावीकडे.”

डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. माझे डोळे वाहत होते आणि आवाज नीट ठेवावा लागत होता. मग ते म्हणाले, “आता लाव आणि बघ. फोन चालू राहू दे.” मी ओव्हन लावला. पूर्ण बऱ्या झालेल्या त्या ओव्हनसमोर बसून मी पप्पांशी बोलत राहिले. त्यांनी स्वतः केलेल्या पिठल्यात गुठळ्या झाल्याचं ते सांगत होते आणि मी त्यांना गुठळ्या कशा मोडायच्या ते सांगत होते.

“झाली बारीक?” शेवटी त्यांनी विचारलं.

समोर ज्योत चांगली भरभरून जळत होती.

“झाली,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा तो ‘बरं’ होता.

असे अजून किती रविवार गेले, ते मी मोजले नाहीत. फेब्रुवारी संपला. मग एक दिवस, रविवार नसताना, त्यांचा फोन आला. “हे असं फोनवर व्हायचं नाही. मी तिकीट काढलंय. येतो महाराष्ट्र एक्स्प्रेसने.”

पप्पा गोंदियाला कधीच आले नव्हते. आई दोनदा येऊन गेली होती, एकटी.

ते येणार त्या दिवशी मी रजा घेतली. सकाळभर विचार केला. नळी पुन्हा काढून कोपऱ्यात टाकणं सोपं होतं. क्लिपला हातही लावला होता मी. पण एवढ्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला फरशीवर पालथं पाडून ते नाटक करायला लावणं माझ्याने होईना. मी लोणी काढलं, साखर फेटली आणि केक करायला घेतला.

संध्याकाळी स्टेशनवरून त्यांना घेऊन आले. एका हातात कपड्यांची लहान पिशवी आणि दुसऱ्या हातात हत्यारांची जड पिशवी. ती त्यांनी मला धरू दिली नाही. जूनपासून ते किती वाळले होते, ते जिन्यावर त्यांच्या मागून चढताना दिसलं. दार उघडलं तसा वास आला. ते उंबऱ्यातच थांबले. मग चपला काढून, हत्यारांची पिशवी घेऊन, सरळ स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर केक निवत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओव्हनचं दार उघडलं. खिशातली लहान बॅटरी काढून वाकले. नळीवरून क्लिपपर्यंत प्रकाश नेला आणि तिथे धरून ठेवला.

“नीट बसवलीय,” ते म्हणाले.

“बिसेन म्हणून आहेत इथे. त्यांनी बसवली.”

“कधी?”

“जानेवारीत.”

ते तसेच वाकलेले राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी बॅटरी विझवली, हलकेच दार लावलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले.

मी केक कापला. त्यांनी पहिला घास खाऊन मान हलवली. “आई जरा जास्त भाजायची,” म्हणाले. सबंध तुकडा संपवला, ताटलीतला चुराही बोटाने टिपला. मग खुर्चीत मागे टेकले. हत्यारांची पिशवी पायाशी तशीच होती, उघडलीही नव्हती. ते तिच्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. आमच्यामध्ये आता आई नव्हती आणि ओव्हनही नव्हता.

“मग आता माझं इथे काही काम नाही,” ते म्हणाले. “उद्याच्या गाडीचं बघतो.”

“राहा, पप्पा.”

“राहून काय करू?”

ते चिडून म्हणत नव्हते. खरंच विचारत होते.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “पण राहा.”

सकाळी त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. मी कामावरून आले तोवर त्यांनी माझ्या दाराच्या कडीला तेल घातलं होतं, गळका नळ बंद केला होता आणि आता ते व्हरांड्यात रिकामे बसून होते. त्यानंतर काही वर्षं ते होते आणि दर हिवाळ्यात माझ्याकडे येत राहिले. पण त्या संध्याकाळी मला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. चहा झाला होता, बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते आत्ता उठून पिशवी भरतील असंच मला वाटत होतं.

“शुलू,” ते म्हणाले, “तुझ्या त्या मशीनमध्ये एक्स-रे तयार कसा होतो?”

वीस वर्षं मी ते काम करत होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं.

“काचेची एक नळी असते,” मी म्हटलं. “आतली सगळी हवा काढून घेतलेली.”

“सगळी? थोडीही नाही?”

“थोडीही नाही. तिच्या एका टोकाला बारीक तार असते. ती तापवतात.”

“कशाची तार?”

“टंगस्टनची.”

“हां. वितळायला नको म्हणून.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. “मग? तार तापली. पुढे?”

मी त्यांच्याकडे बघितलं. आयटीआयच्या पोरांसमोर ते असेच दिसत असतील का, असं माझ्या मनात आलं.

“पुढचं उद्या सांगते, पप्पा,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू, अगदी सावकाश, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“चालेल,” ते म्हणाले.